काउंटरच्या आतली बाजू

आमच्या कंपनीत चौकशी अधिकारी बाहेरच्या विभागातला नेमतात. निकाल आधीच ठरलाय असं नंतर कुणी म्हणायला नको, एवढाच त्यामागचा हेतू. त्यामुळे मालसाठ्याचे हिशेब बघणाऱ्या माझ्या गळ्यात हे प्रकरण आलं. चोवीस तास चालणारं औषधांचं दुकान, रात्रपाळी, काउंटरवर एकटी मुलगी. आरोपपत्रात तीन आरोप होते: समोरच्या व्यक्तीवर बळाचा वापर, गल्ला उघडा टाकून काउंटर सोडणं आणि अग्निशामक उपकरणाचा गैरवापर. तिसरा वाचून मला हसू आलं होतं. पावडर पडून खराब झालेल्या मालाची यादी मात्र अगदी नीटनेटकी जोडलेली होती.

चौकशीच्या दिवशी सकाळी सगळ्यांनी मिळून सीसीटीव्हीचं चित्रण पाहिलं. त्याला आवाज नव्हता. एक माणूस आत येतो, काहीतरी बोलतो, चाकू काढतो. ती हात दिसतील असे ठेवते, गल्ला उघडते, नोटा काउंटरवर ठेवते. प्रशिक्षणात शिकवतात अगदी तसंच. मॅनेजमेंटच्या प्रतिनिधींनी इथे चित्र थांबवलं आणि इथपर्यंत कर्मचाऱ्याचं वागणं आदर्श आहे असं नोंदवायला सांगितलं. ते खरंच होतं.

पण नोटा खिशात कोंबूनही तो जात नाही. रस्त्याकडे एकदा बघतो आणि काउंटरची उचलायची फळी वर करून आत शिरतो. ती सरकत सरकत भिंतीला टेकते. मग कॅमेऱ्याला नुसती त्याची पाठ दिसते, आणि एकदम सगळं पांढरं होतं. पावडर जरा बसल्यावर दिसतं ते असं की तो खोकत खाली बसलाय, सिलिंडर फरशीवर घरंगळतोय आणि ती दाराबाहेर पळतेय. सिलिंडर त्याच्या खांद्यावर हाणल्याचं तिने जबाबात आपणहून सांगितलं. चित्रणात तो फटका दिसतच नव्हता.

आमचा नियम सांगतो: प्रतिकार करू नये, मागतील ते द्यावे, मागे हटावे. हा नियम मूर्खपणाचा आहे असं मला आजही वाटत नाही. रकमेचा विमा असतो, माणसाचा जीव परत येत नाही. लुटायला आलेला घाईत असतो आणि गल्ल्यासाठी झटापट केली की इजा होण्याचा धोका वाढतो. मिरपूड-स्प्रेवरच्या बंदीचंही तेच. बंद, वातानुकूलित खोलीत तो मारणाऱ्यालाही सोडत नाही. प्रत्येक काउंटरखाली काहीतरी शस्त्र ठेवलेल्या दुकानात मी स्वतः औषध घ्यायला जाणार नाही.

पण त्याला फक्त पैसे हवेत आणि ते मिळाले की तो निघून जाईल, हे या नियमात गृहीत धरलंय. तो फळी उचलून आत आला तेव्हाच लूट संपली होती. पुढे जे चाललं होतं त्याबद्दल नियमपुस्तिकेत एक ओळही नाही.

तिच्या बाजूने सहकारी प्रतिनिधी म्हणून एक जुने कॅशियर आले होते. दिवसभरात ते एकच वाक्य ठासून बोलले: "साहेब, कागद राहू द्या, एकदा आत उभे राहून बघा." दुकानाची रचना हा आरोपांचा विषय नाही, असा मॅनेजमेंटने आक्षेप घेतला. मी तो नोंदवला आणि दुपारी सगळ्यांना घेऊन तिथे गेलो.

आत उभं राहिल्यावर डावीकडे फ्रीज, उजवीकडे रॅक, मागे भिंत. बाहेर पडायची वाट एकच, फळीची, आणि नेमका तिथेच तो उभा होता. फ्रीजच्या शेजारी गोदामात जाणारं दार आहे, पण रात्री त्याला कुलूप असतं आणि किल्ली दिवसपाळीच्या मॅनेजरकडे. हा नियम आमच्याच विभागाचा. माल नाहीसा व्हायचा म्हणून केलेला. मोबाइल पाळी सुरू होताना लॉकरमध्ये, कारण बिलिंग करताना लक्ष विचलित होतं. गल्ल्याखाली पॅनिक बटण होतं. कंट्रोल रूमला आधी कळवून मी ते दाबून पाहिलं. तिथला माणूस तत्पर निघाला. खात्री करून घ्यायला त्याने लगेच दुकानाच्या फोनवर रिंग दिली. तो फोन काउंटरच्या दुसऱ्या टोकाला होता, फळीच्या पलीकडे.

आणि सिलिंडर? तो अगदी नियमाप्रमाणे हाताच्या अंतरावर टांगलेला होता.

प्रत्येक नियम वेगळ्या विभागाने केलेला, प्रत्येकामागे कारण. ते सगळे एकत्र करून त्या कोपऱ्यात रात्री कुणी उभं राहून पाहिलं नव्हतं. मागे हटा असं सांगायचं आणि मागचं दार कुलूपबंद ठेवायचं, यातलं एक तरी कंपनीने सोडायला हवं होतं.

अहवालात मी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८१ च्या १५५ क्रमांकाच्या करारातलं तेरावं कलम घातलं. जिवाला किंवा आरोग्याला तातडीचा, गंभीर धोका आहे असं वाजवी कारणाने वाटून कामगार कामावरून बाजूला झाला, तर त्याला त्याची शिक्षा होता कामा नये, असं ते म्हणतं. २०१९ च्या १९० क्रमांकाच्या करारात हिंसा आणि छळाबाबतही असंच संरक्षण आहे, आणि त्यात बाहेरच्या व्यक्तींकडून होणारी हिंसाही विचारात घेतली आहे. मॅनेजमेंटचे प्रतिनिधी म्हणाले, हे करार सरकारांसाठी असतात, आमच्या सेवाशर्तींसाठी नाहीत. मुद्दा बरोबर होता, म्हणून मी निष्कर्ष स्वसंरक्षणाच्या साध्या कसोटीवर बांधला. धोका समोर उभा होता का, दुसरी वाट होती का, वापरलेलं बळ गरजेपेक्षा जास्त होतं का? तो खाली बसला आणि ती पळाली. दुसरा फटका नाही, शिवीसुद्धा नाही.

पहिला आणि तिसरा आरोप सिद्ध होत नाही असं मी लिहिलं. दुसरा सिद्ध झाला, कारण गल्ला उघडाच होता. नियमानुसार तिनेच तो उघडला होता आणि पळताना बंद केला नाही. शेजारी मी तसा शेरा मारला. व्यवस्थापनाने निष्कर्ष मान्य केले, शेरा वगळला आणि तिला लेखी ताकीद दिली. तिने ती सही करून घेतली, दिवसपाळी मागितली आणि काही महिन्यांनी नोकरी सोडली. पोलिसांनी त्या माणसाला त्याच रात्री पकडलं होतं. आमच्या फाइलमध्ये त्याचा उल्लेख शेवटपर्यंत 'ग्राहक' असाच राहिला.

गोदामाच्या दाराला आता आतून ढकलल्यावर उघडणारा आडवा दांडा बसवलाय. दार उघडलं की भोंगा वाजतो, त्यामुळे माझ्या विभागाचीही तक्रार नाही. मोबाइल अजून लॉकरमध्येच जातात. रात्री दोन माणसं असावीत अशीही शिफारस मी केली होती. अमेरिकेत फ्लोरिडातल्या गेन्सव्हिल शहराने १९८० च्या दशकातच रात्री उघड्या राहणाऱ्या छोट्या दुकानांना दोन कर्मचारी सक्तीचे केले, हा दाखलाही जोडला होता. ती शिफारस 'विचाराधीन' आहे. दुसऱ्या माणसाचा वर्षाचा खर्च किती, हे मात्र त्याच आठवड्यात काढून झालं होतं.