निकाल लागलाय, कळायचाय

रात्री पावणेदोनला पाणी प्यायला उठले, तर लेक अंधारात लॅपटॉपसमोर. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाचं प्रवेशाचं पोर्टल. निकाल गुरुवारी संध्याकाळी, हे तिला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. तरी पान रिफ्रेश करत होती. शेजारच्या ताटलीत रात्रीची पोळी तशीच, एक घास मोडलेली.

सांगलीहून आईचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा तिला हे सांगितलं. ती म्हणाली, "अगं, निकाल तर लागलाय. फक्त कळायचाय."

दिवसभर तेच डोक्यात. १ नोव्हेंबरला अर्ज गेला. नेहमीच्या मुदतीआधी करायच्या लवकर अर्जाचा हा एकच डाव. इतर खाजगी विद्यापीठांत असा लवकर अर्ज करायचा नाही, ही अट. सहा आठवडे ती फोन उशाशी घेऊन झोपतेय.

आमच्या दहावीच्या वेळी पेपरात नंबर शोधायचा. धडधड एका सकाळची असायची. आणि होकार-नकार दोनच. इथे तिसरंही आहे, 'डिफर', म्हणजे पुन्हा मार्च अखेरपर्यंत थांबा. सतरा वर्षांच्या पोरीने किती थांबायचं?

संध्याकाळी तिच्या आवडीची आमटी केली. दोन वाट्या प्यायली. पोर्टलबद्दल मी काही विचारलं नाही.

ज्यांच्या मुलांनी हे आठवडे काढलेत, त्यांनी सांगा ना, गुरुवारी ती पान उघडेल तेव्हा मी खोलीत असावं की बाहेर?