इंडेंट, डायमंड आणि स्टोअरमधले काका

मागच्या वर्षी दिवाळीनंतर साहेबांनी बोलावलं आणि म्हणाले, मला टेबलावर इंडेंटचे कागद दिसायला नकोत, सगळं ऑनलाइन करा. मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीत परचेसला आहे, गाड्यांचे पार्ट बनतात, सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं आहेत. आमच्याकडे इंडेंट म्हणजे माल मागवायची चिठ्ठी, तिचं तीन प्रतींचं कार्बनवालं बुक, पांढरी कॉपी परचेसला, गुलाबी अकाउंट्सला, पिवळी स्टोअरला. मी आयटीवाली नाही, एक्सेल बऱ्यापैकी येतं एवढंच. पण नाही कसं म्हणणार, म्हणलं करते.

मग रोज रात्री जेवणं आटपली की लॅपटॉप उघडायचा. शोधता शोधता कळलं की ऑफिसातलं काम कुठून सुरू होतं, कोणाकडे जातं, कुठं फाटे फुटतात हे चित्रात मांडायची एक ठरलेली पद्धत आहे, बीपीएमएन म्हणतात तिला. म्हणजे कल्पना जुनीच, फ्रँक गिलब्रेथने १९२१ ला अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेपुढे प्रोसेस चार्ट मांडला होता (हा माणूस मुळात विटा रचणारा गवंडी, मला हे वाचून फार बरं वाटलं). बीपीएमएन मात्र २००४ ची, २०११ ला तिची २.० आवृत्ती आली आणि २०१३ ला आयएसओ या जागतिक मानक संस्थेनेही ती स्वीकारली. मजा अशी की हे चित्र नुसतं भिंतीवर लावायला नसतं, आतून ती एक्सएमएल फाइल असते आणि कॅमुंडासारखं सॉफ्टवेअर, ज्याला इंजिन म्हणतात, ती फाइल वाचून खरंच काम पुढे ढकलतं. मी कॅमुंडाची सातवी आवृत्तीच घेतली, कारण फुकट होती.

चिन्हं शिकायला दोन संध्याकाळी पुरल्या. बारीक रेघेचं वर्तुळ म्हणजे सुरुवात, जाड रेघेचं म्हणजे शेवट, गोल कोपऱ्याचा चौकोन म्हणजे काम, आणि डायमंड म्हणजे फाटा. डायमंडात फुली असेल तर एकाच वाटेने जायचं, अधिक असेल तर सगळ्या वाटांनी एकदम. हे इतकं सोपं वाटलं की माझं पहिलं चित्र रविवारी एका बैठकीत तयार झालं, आणि तिथेच माती खाल्ली.

आमच्याकडे दहा हजाराच्या आतलं इंडेंट एचओडीच्या, म्हणजे खात्याच्या प्रमुखाच्या, सहीवर जातं, वरचं प्लँट हेडकडे. फाटा फुलीचा टाकला, बरोबर. पण दोन्ही वाटा पुढे पीओसाठी, म्हणजे व्हेंडरला द्यायच्या खरेदी ऑर्डरसाठी, परत एकत्र येतात तिथे मी अधिकवाला डायमंड ठेवला, का तर दिसायला छान दिसत होता. सोमवारी टेस्टिंग सुरू, मंगळवार गेला, बुधवार गेला, सह्या झाल्या तरी एकही पीओ बाहेर पडेना. कॉकपिट म्हणून एक स्क्रीन असतो, त्यात चित्रावरच आकडे दिसतात की कुठल्या पायरीवर किती प्रकरणं उभी आहेत. बघते तर त्या डायमंडवर २३. झालं असं की अधिकवाला डायमंड सगळ्या वाटांवरून काम यायची वाट बघतो, रविवारी मिसळीच्या काउंटरवर पोरगा मिसळ आणि पाव दोन्ही आल्याशिवाय ताट उचलत नाही तसा, आणि इथे दुसऱ्या वाटेने कोणी येणारच नव्हतं. प्रत्येक इंडेंट एकाच सहीला जातं, दुसरी सही जन्मात होणार नाही, तो बिचारा उभाच. उलट चूक केली असती, म्हणजे अधिकने फोडून फुलीने जोडलं असतं, तर पुढचं काम दोनदा झालं असतं, म्हणजे एका इंडेंटचे दोन पीओ. त्यापेक्षा अडकलेलं बरं!

ही चूक एका क्लिकमध्ये सुटली. खरी चूक वेगळीच होती, ती कॉम्प्युटरवर नव्हती.

मी चित्र काढलं होतं आमच्या कंपनीच्या आयएसओ सर्टिफिकेटच्या फाइलवरून. त्यात कन्सल्टंटने काढलेला सुंदर फ्लोचार्ट आहे, इंडेंट, मंजुरी, पीओ, गेट एंट्री, जीआरएन (माल मिळाल्याची नोंद), क्यूसी (मालाची तपासणी), सगळं सरळ रेषेत. स्टोअरच्या काकांना म्हणलं बघा बरं, बरोबर आहे ना. त्यांनी चष्मा लावून दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "ताई, हे ऑडिटच्या दिवशीचं आहे."

मग मी दोन दिवस स्टोअरमध्येच खुर्ची टाकून बसले. कळलं ते असं, रात्रपाळीत इन्सर्ट, म्हणजे मशीनच्या टूलला लागणारी कापायची छोटी पाती, संपले की काका सातपूरच्या व्हेंडरला थेट मोबाइलवर फोन लावतात, त्याचा माणूस बाइकवर डबी घेऊन अर्ध्या तासात गेटवर हजर, मशीन चालू. इंडेंट सकाळी लिहितात, मागच्या तारखेने. म्हणजे माल आधी, मागणी नंतर. मी विचारलं, सही घेऊन मागवलं तर नाही चालणार का? "रात्री दोनला सायबाला उठवू का सहीसाठी? तोवर लाइन बंद, मग सकाळी तेच विचारणार लाइन का बंद होती." माझी सिस्टिम आहे तशी चालू केली असती तर पहिल्याच रात्री मशीन थांबलं असतं आणि शिव्या मला पडल्या असत्या, आणि त्या बरोबरच पडल्या असत्या.

म्हणून एक वेगळी वाट काढली. तातडीचा माल आधी आत घ्यायचा, काकांनी नोंद टाकायची, मंजुरी २४ तासांत. त्या मंजुरीच्या चौकोनाच्या कडेला घड्याळाचं चिन्ह लावलं, वेळ संपली की साहेबांना मेल. तर साहेबांचा फोन, "अहो, आठवणीचा मेल येतो पण सही करायला लिस्टमध्ये काही दिसतच नाही!" ते घड्याळ दोन प्रकारचं असतं, अखंड रेघेचं असेल तर वेळ झाली की ते काम रद्द करूनच पुढे जातं, तुटक रेघेचं असेल तर काम तसंच ठेवून नुसती आठवण देतं. मी अखंड लावलेलं. एवढ्याशा तुटक रेघेपायी साहेबांपुढे मान खाली घालावी लागली.

काकांच्या फोनसाठी पण चौकोन काढला, त्यात कोपऱ्यात पंजाचं चिन्ह असतं, म्हणजे हे काम माणूस हाताने करतो, इंजिनचा त्यात काही संबंध नाही. काकांना दाखवलं तर म्हणे, "हात काढलाय ते बरं केलं, फोन धरायला लागतोच." प्लँट हेडना मात्र तो चौकोन खटकतो, ऑडिटरला दिसेल म्हणतात. मी अजून तो काढून टाकलेला नाही.

आता चार महिने झाले, टेबलावर कागद नाहीत. परवा स्टोअरकडून सिस्टिममध्ये रीतसर इंडेंट आलं, इंडेंट बुक, तीन प्रतींचं, २० नग. दहा हजाराच्या आतलं होतं, एचओडीने सही केलेली, मी पीओ काढला.