रत्नागिरीहून न्यूयॉर्कला किती तास?

रत्नागिरीत ज्या घरातले कोणी अमेरिकेला निघालेले असते, तिथे येणारा-जाणारा प्रत्येकजण ‘किती तास लागतात हो?’ असे विचारतोच. घरची मंडळी मोबाइलवर पाहून एक आकडा सांगतात आणि मोकळी होतात. माझ्या मते त्या आकड्याची थोडी फोड करायला हवी.

मुंबई आणि न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ यांमधले कमीत कमी हवाई अंतर सुमारे १२,५३० किलोमीटर आहे. भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून हे अंतर मिळत नाही. पृथ्वीगोलावर या दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो अरबी समुद्रावरून पश्चिमेला न जाता मुंबईहून बराचसा उत्तरेकडेच निघतो, पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशिया असा चढत आइसलँडच्या आसपास ६४-६५ अंश उत्तर अक्षांशापर्यंत पोहोचतो आणि ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाजवळून खाली उतरतो. अमेरिका पश्चिमेला, हे शाळेत घोकलेल्या माणसाला ही वाट पाहून नवल वाटते.

ताशी ९०० किलोमीटर वेग धरला, तर या अंतराला १४ तास पुरावेत. प्रत्यक्षात जाताना १५-१६ तास लागतात, येताना मात्र १४ च्या आसपास. खाली पृथ्वी फिरते म्हणून असे होते, असे बरेच जण ठामपणे सांगतात. पण पृथ्वीबरोबर तिचे वातावरणही फिरत असल्याने ते कारण टिकत नाही. खरे कारण साधारण १० किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वारे, ज्यांचा जोर हिवाळ्यात वाढतो. सरासरी ताशी ५० किलोमीटरचा वारा समोरून आला, तर पावणेपंधरा तास लागतात आणि तोच पाठीशी असला, तर सव्वातेरा. म्हणजे दीड तासाचा फरक निव्वळ वाऱ्याचा.

शिवाय तो दोरा ज्या देशांवरून जातो, ते सर्व वाट देतीलच असे नाही. रशियाने २०२२ मध्ये अनेक पाश्चात्त्य देशांच्या विमानांना आपले आकाश बंद केले आणि पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना. असा वळसा पडला, की विमानतळ जागच्या जागी असूनही तास वाढतात.

घड्याळाचा घोळ निराळाच. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असते, त्यामुळे मुंबईहून रात्री १ वाजता सुटून १६ तास उडालेले विमान तिथे त्याच तारखेला सकाळी साडेसातला उतरते. तिकिटावरच्या दोन वेळांची वजाबाकी करणाऱ्याला हा प्रवास साडेसहा तासांचाच वाटेल.

तेवढाच वेळ आपल्याला रत्नागिरीहून मुंबई गाठायला लागतो! कोकण रेल्वेने जेमतेम ३५० किलोमीटर, आणि तास सहा-सात. त्यात विमानतळावर आधी पोहोचण्याचे तीन-चार तास, विमानातले १६ आणि उतरल्यावर इमिग्रेशनच्या रांगेतले एक-दोन मिळवले, तर घरातून निघाल्यापासून २६ ते २९ तास होतात. विचारणाऱ्यांना मी हाच आकडा सांगतो. आणि जाणे गणपतीच्या गर्दीत असेल, तर आदल्या दिवशीच मुंबईला मुक्कामाला जा, असेही सांगतो.