बॅटरी कोण खातंय

जेल रोडवर मोबाइल रिपेअरिंगला बसलं की निम्मी गिऱ्हाइकं एकच तक्रार घेऊन येतात, बॅटरी टिकत नाही, आणि कारण पण घरूनच ठरवून आणतात. सध्या कारण म्हणजे मागे चालणारं रिमोटचं ॲप, दुसरीकडे बसून हा फोन बघायचं-चालवायचं.

मागच्या आठवड्यात रामबागेतले एक काका आले. शेजारच्या दुकानदाराने न तपासताच नवी बॅटरी टाकून दिली होती (आमच्या लाइनीत हीच खोड, आधी पार्ट बदला मग डोकं चालवा), तरी संध्याकाळपर्यंत फोन बंद पडायचा तो पडायचाच. मुलगा बेंगळुरूला, बाबांचं काही अडलं तर तिथूनच करून देता यावं म्हणून त्याने ते ॲप टाकलेलं. काका म्हणाले, "तेच खातंय बघ, काढून टाक."

मी फोन उघडला, बॅटरी काढून डीसी सप्लायच्या क्लिपा लावल्या, म्हणजे बॅटरीऐवजी वीज देऊन फोन किती करंट ओढतोय ते दाखवणारं मशीन. या मशीनपुढे अंदाज चालत नाहीत. बटण दाबायच्या आधीच करंट ओढला असता तर बोर्डात लीकेज, पण आकडा शून्य. चालू केला, डिस्प्ले विझू दिला, रिमोट ॲप मागे सुरूच, तरी काटा दहा-पंधरा मिलीॲम्पिअरवर येऊन बसला. 5000 एमएएचच्या बॅटरीला एवढ्याने काय होतंय! काकांना तेच सांगत होतो, की 2015 च्या अँड्रॉइड 6 पासून फोन नुसता पडून असला की सिस्टिम मागच्या ॲपांना झोपवते, बोलावणं आलं तरच उठवते, ॲपच्या बॅटरी सेटिंगमध्ये "अनरिस्ट्रिक्टेड" (मागे मोकळं चालू द्या) करून ठेवलं तर गोष्ट वेगळी. खरा खर्च कोणी जोडलं गेलं की, डिस्प्ले जागा, स्क्रीनचा व्हिडिओ बनवून सारखा पाठवायचा, त्यात सिग्नल कमी असला तर आणखी जोर.

बोलतोय तोच डिस्प्ले आपोआप लागला. आकडा सहाशेच्या वर. कोणाचं बोट नाही आणि व्हॉट्सॲप उघडलं, एकेक चॅट सरकायला लागली.

मला वाटलं फ्रॉडच, असल्या ॲपवरून खाती रिकामी होतात म्हणून रिझर्व्ह बँकेने 2019 मध्येच सावध केलं होतं. मी सरळ क्लिप ओढली. परत चालू केला तर मिनिटभरात मुलाचा फोन, "बाबा, मोबाइल बंद का झाला?"

"जेल रोडला आलोय, बॅटरी दाखवायला," काका म्हणाले. मग पाऊसपाणी, नातवाची शाळा. बाकी एक शब्द नाही.

मी सेटिंग पाहिलं, न विचारता जोडायची परवानगी दिलेली. वापराच्या तक्त्यात रोज दुपारी, काकांच्या झोपेच्या वेळेला, व्हॉट्सॲप उघडलेलं. दाखवलं, विचारलं, "बंद करू का?"

"राहू दे रे. चार्जरला लावून झोपलो तर चालेल ना?"

चालेल म्हणालो, कव्हर काढून ठेवा, तापेल. पण काकांना चालतं म्हणून जे लोक त्यांना मेसेज करतात त्यांचं काय, त्यांना कोणी विचारलंय? त्या मुलाला मी काही बोलायला हवं होतं का ते अजून ठरत नाहीये, गिऱ्हाइकाच्या घरात आपण किती शिरायचं.

आणि हो, शेजाऱ्याने टाकलेली बॅटरी चांगली निघाली. ते मी त्याला सांगणार नाहीये.