टुपाक, बाई आणि नववी ब

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी अंकासाठी लिही असा मेसेज आला आणि मला पहिल्यांदा आठवला तो अमेरिकन रॅपर टुपाक शकूर. कारण सांगतो.

1996 ची दिवाळी. मामेभावाकडून त्याची कॅसेट आणलेली, पॉज-प्ले करत करत आईवरच्या गाण्याचे शब्द मी इंग्रजीच्या वहीच्या शेवटच्या पानावर उतरवले होते, निम्मे कळायचेच नाहीत. बाईंनी वही तपासायला घेतली आणि नेमकं तेच पान उघडलं. वाटलं आता घरी चिठ्ठी जाणार. तर बाई म्हणाल्या, उभा राहा, वाच आणि मराठीत अर्थ सांग. मी वाचायला लागलो तसा माझ्या बेंचवरच्या दोस्ताने हळूच बेंचवर ठेका धरला, बाई त्यालाही काही बोलल्या नाहीत. आई व्यसनात अडकली, बाप घरात नाही, तरी पोरगा म्हणतो तुझे उपकार फिटायचे नाहीत, एवढं सांगितलं आणि वर्ग चिडीचूप.

तोवर टुपाक जाऊन दोन महिने झाले होते, आम्हाला पत्ताच नाही. 7 सप्टेंबरला लास वेगासला टायसनची फाइट बघून निघाला, निघताना हॉटेलातच त्याने आणि त्याच्या माणसांनी एका गँगच्या पोराला मारलेलं, मग काही तासांत सिग्नलला गाडी थांबलेली असताना बाजूच्या गाडीतून गोळ्या आल्या, त्याला चार लागल्या. 13 ला गेला. वय 25. पहिला अल्बम 1991 चा, म्हणजे जेमतेम पाच वर्षं मिळाली त्याला. 1995 मध्ये अल्बम एक नंबरला होता तेव्हा तो तुरुंगात होता, तेही लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यात, मोठेपणी हे वाचलं तेव्हा फार त्रास झाला, आणि ते झाकून त्याच्याबद्दल लिहिणं मला पटत नाही. टुपाकच्या खुनाच्या केसमध्ये अटक झाली ती थेट 2023 मध्ये, आणि त्या माणसाला आरोप मान्य नाही.

पण मला सगळ्यात जास्त लागतं ते वेगळंच. बाल्टिमोरला कलेच्या शाळेत होता तो, अभिनय, कविता, बॅले शिकायचा. 1988 मध्ये घरच्यांबरोबर कॅलिफोर्नियाला जावं लागलं आणि ती शाळा सुटली. आपली गाडी तिथून घसरली असं नंतर तो स्वतःच सांगायचा.

माझा ठेकेवाला दोस्त त्या तासाच्या पुढच्याच आठवड्यात आईबापाबरोबर ऊसतोडीला गेला. दरवर्षी जायचा, उन्हाळ्यात परत यायचा, त्या वर्षी आलाच नाही. पोवाडा म्हणायला लागला की शेजारच्या वर्गातली पोरं खिडकीत यायची, आवाज असा की माईक लागायचा नाही.

वही अजून आहे माझ्याकडे, बाईंनी लाल पेनने ॲप्रिशिएटचं स्पेलिंग दुरुस्त केलेली. 98 च्या बॅचपैकी कुणाकडे त्या दोस्ताचा नंबर असेल तर प्लीज ग्रुपवर टाका.