पार्किंगचं पाणी जमिनीत सोडण्याआधी

पुण्यातल्या आमच्या सोसायटीत गच्चीवरचं पावसाचं पाणी बोअरला जातंच. पार्किंग आणि आतल्या रस्त्याचं पाणीही तिथेच सोडायचं ठरत होतं, तेव्हा मी अडून बसले. त्यात कुत्र्यांची विष्ठा असते, कबुतरांची शीट असते, कधी तुंबलेल्या चेंबरचं पाणीही असतं. फिल्टरमधली वाळू-खडी गाळ अडवते, पण एक-दोन मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग) जिवाणू तिच्यातून बरेचसे निसटतात. शिवाय पावसाने उघडीप देऊन पुन्हा सर आली की वाळूला चिकटलेलेही सुटतात.

यावर संशोधक संजय मोहंती आणि सहकाऱ्यांचं 2014 मधलं काम वाचनात आलं. वाळूत वजनाने 5 टक्के बायोचार, म्हणजे हवा कमी देऊन भाजलेला कोळसा, मिसळल्यावर नुसत्या वाळूपेक्षा हजार पटीपर्यंत जास्त ई. कोलाय (विष्ठेतले जिवाणू) अडकले आणि पाण्यात खंड पडला तरी ते सुटले नाहीत. बायोचार ओल धरून ठेवतो, हे त्यामागचं एक कारण. असा फिल्टर बांधायचं समितीला पटवायला बैठकांवर बैठका झाल्या.

बायोचार कसा भाजलाय यावर सगळं अवलंबून असतं. अर्धवट भाजलेल्या, धुरकट वासाच्या कोळशात उडून जाणारे पदार्थ शिल्लक राहतात आणि तो जिवाणू कमी धरतो. म्हणून छाटलेल्या फांद्या पूर्ण वाळवल्या, ड्रममध्ये धूर थांबेपर्यंत जाळल्या आणि मगच पाणी मारलं.

कोळसा कुटल्यावर मिस्त्री म्हणाले, "ताई, हा भुगा चाळून टाकू, नाहीतर खड्डा चोक होईल." त्यांची भीती रास्त होती. पण मोहंती यांच्याच दुसऱ्या प्रयोगात 125 मायक्रॉनपेक्षा बारीक कण काढल्यावर जिवाणू अडण्याचं प्रमाण 95 वरून 62 टक्क्यांवर आलं होतं. भुगा ठेवला आणि चोक होऊ नये म्हणून आधी गाळाची कुंडी बांधली. 5 टक्के ऐकायला कमी वाटतं, पण कोळसा इतका हलका की तीन-चार घमेली वाळूमागे एक घमेलं लागलं. मिश्रण रात्रभर भिजवलं आणि तरंगू नये म्हणून वर वाळू व खडी दाबली. पहिलं काळं पाणी बागेत सोडलं.

नमुने लॅबच्या निर्जंतुक बाटल्यांत, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवले. फिल्टरनंतर कोलिफॉर्म (ई. कोलाय ज्यात येतात तो जिवाणूंचा गट) खूप घटले, पण शून्य झाले नाहीत. पिण्याच्या पाण्याच्या मानकानुसार 100 मिलीलिटरमध्ये एकही ई. कोलाय आढळता कामा नये. शिवाय कुजलेल्या पाल्याचा अर्क पाण्यात असला की बायोचारची ताकद कमी होते आणि आमच्याकडे झाडं भरपूर आहेत. त्यामुळे हे पाणी बोअरपासून लांबच्या शोषखड्ड्यात सोडायचं, बोअरला फक्त गच्चीचंच, यावर मी ठाम राहिले आणि शेवटी तसंच झालं.

वरची वाळू पावसाळ्यानंतर खरवडून बदलतो. खालचं मिश्रण कधी बदलायचं हे तपासणीचे आकडे सांगतील, म्हणून त्या तपासणीचा खर्च सोसायटीच्या बजेटमध्ये घालून घेतला आहे.