मामा, नरक्या आणि श्रीखंडाचा डबा

चतुर्थीला आजोळी गेलेले, आंबोली घाटाच्या पायथ्याला. माटवीसाठी (गणपतीच्या डोक्यावर रानफळं-फुलं बांधतात ती चौकट) कवंडाळ, कांगणी, शेरवड आणायला मामाबरोबर रानात जायचं हे ठरलेलंच, यंदाही गेलो आणि राईच्या कडेला असा काही भपकारा आला की मला वाटलं जनावर मेलंय कुठेतरी. मामा म्हणाला, "जनावर नाय गो, नरक्या फुललो आसा."

मी जागच्या जागी थांबले. कारण गेली चार वर्षं मी याच माणसाला विचारतेय की मामा, नरक्या दाखव ना, आणि तो दर वेळी "आता खंय गावता तो" म्हणून चहा मागायचा.

दिसायला म्हणाल तर काहीच खास नाही. पुरुषभर उंच झुडूप, पिवळट पांढऱ्या बारीक फुलांचे घोस, त्यावर माश्या. नाव नरकावरनं पडलं असेल तर नवल नाही (काही ठिकाणी याला अमृताही म्हणतात, कोणी ठेवलं देव जाणे, नाकाला सर्दी असणार त्याच्या).

पण या घाणेरड्या झाडात कॅम्प्टोथेसिन आहे, ज्यापासून कॅन्सरची औषधं बनतात. १९६६ मध्ये अमेरिकेत शास्त्रज्ञ मन्रो वॉल आणि आपल्या नंदुरबारचे मनसुख वाणी यांनी ते आधी एका चिनी झाडातून काढलं, मग १९७२ मध्ये इथल्या गोविंदाचारी आणि विश्वनाथन या शास्त्रज्ञांना ते नरक्यात सापडलं, तेही चिनी झाडापेक्षा जास्त. १९९६ ला अमेरिकेत त्यापासनं बनवलेली टोपोटेकन आणि इरिनोटेकन मंजूर झाली, एक अंडाशयाच्या कॅन्सरवर, दुसरं आतड्याच्या. झालं, जे झाड गुरंचारणीला जाणाऱ्यांशिवाय कोणी ओळखत नव्हतं त्याला एकदम गिऱ्हाईक आलं. आणि द्रव्य असतं टक्क्याच्या अंशात, म्हणजे थोडंसं औषध काढायला लाकडाचे ढीग लागणार, मुळांमध्येही असतं म्हटल्यावर लोकांनी मुळासकट उपटलं. आता पेपरात अधूनमधून टेम्पो पकडल्याची बातमी येते, तोवर रान साफ झालेलं असतं.

हे सगळं मी मामाला ऐकवत होते, जरा शहाणपणानेच. तो ऐकून घेत होता. मग कोयता खाली ठेवून म्हणाला, "माका सांगतंस? मीच तोडलंय मगे. ह्या राईभायर दिसात तितके." एक व्यापारी यायचा, किलोवर घ्यायचा, फोडून सुकवून गोणीत भरून द्यायचं, कशाला लागतं ते कोणी विचारलं नाही. त्या पैशात घराची कौलं बदलली. ती कौलं मी लहानपणापासून बघतेय. राईतलं मात्र एकही तोडलं नाही, ग्रामदेव रवळनाथाचं म्हणून, आणि त्यातलंच हे एक राहिलेलं. चार वर्षं टाळत होता त्याचं कारण हे होतं तर. मला काय बोलावं कळेना, मी शेरवड तोडायला लागले.

फोटो काढला तेव्हा म्हणाला, "फेसबुकार घालू नको हां." घातलेला नाही, गावाचं नावही इथे लिहीत नाहीये.

दिवाळीनंतर मामाने एसटीच्या कंडक्टरकडे श्रीखंडाचा डबा दिला. आत ओल्या फडक्यात जांभळी पिकलेली सहा फळं. सगळ्या बिया कुंडीत लावल्या, दोन शेजारच्या कोंबडीने उकरल्या, उरलेल्या चारांवर रोज पाणी घालतेय. अजून काही वर आलेलं नाही. मामाचा रोज फोन, "इलो काय गो?"